घाईने वाजलेली घंटा

व्हिडिओवाल्या काकांना आवाजाचा भारी गर्व. गळ्याच्या नव्हे, ते गुणगुणायला लागले की बायको दार लावून घ्यायची. गर्व होता तो त्यांच्या कॅसेटमधल्या आवाजाचा. गावातल्या बॉक्सिंगच्या लढती त्यांनी वर्षानुवर्षं टिपल्या. इतरांच्या कॅसेटमध्ये सगळं रजईतून ऐकल्यासारखं वाटे. काका मात्र घंटेशेजारी वेगळा टेपरेकॉर्डर ठेवत आणि तो खणखणीत आवाज नंतर चित्रावर चढवत. "चित्राला मुंग्या आल्या तरी लोक खपवून घेतात, बिघडलेला आवाज मात्र खपवून घेत नाहीत," हे ते कुणी विचारो न विचारो, ऐकवत.

म्हणून त्या दुपारी बेकरीवाल्याची मुलगी दुकानात आली आणि म्हणाली, "काका, या कॅसेटमधला आवाज काढून टाकता येईल?" तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"आवाज काढून? मग उरतं काय?"

"बाबा उरतात," ती म्हणाली. "रविवारी माझी पहिली लढत आहे. बाबांनी रिंगणात माझ्या कोपऱ्यात उभं राहावं, एवढंच मला हवंय. पण ते बॉक्सिंग क्लबच्या पायरीवर पाय ठेवत नाहीत. म्हटलं, त्यांची जुनी लढत त्यांना दाखवावी. फक्त ती घंटा नको."

ती घंटा गावाला पाठ होती. बावीस वर्षांपूर्वी तिच्या बाबांनी, म्हणजे तेव्हाच्या डावखुऱ्याने, शेवटच्या फेरीच्या अगदी शेवटी प्रतिस्पर्ध्याला आडवं केलं होतं. पंचांनी त्याचा हात उंचावला, टाळ्या पडल्या. पण पंधरा दिवसांनी काकांच्या कॅसेट घरोघर गेल्या आणि सगळ्यांनी स्वतः पाहिलं-ऐकलं: आधी टण्णकन घंटा वाजली, मग ठोसा बसताना दिसला. घंटेनंतर मारणं म्हणजे लबाडी; गावाच्या तोंडी डावखुऱ्याचा 'घंटेनंतरचा' झाला. त्याने शपथा घेतल्या, भांडला. पण कॅसेटपुढे माणसाचं कोण ऐकतो? त्याने हातमोजे उतरवले आणि बेकरीच्या भट्टीपुढे उभा राहिला, तो कायमचा.

"आवाज काढतो," काका नाखुशीने म्हणाले. "पण थांब, निदान चित्र तरी चांगलं देतो. मूळ कॅसेट आहे माझ्याकडे." ती गेल्यावर त्यांनी कपाटातून कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट काढली. एवढ्या वर्षांत ती पुन्हा लावायची गरजच पडली नव्हती. त्यांनी ती लावली.

चित्र स्वच्छ होतं. प्रतींमध्ये जो कोपरा नुसता काळा दिसे, तिथे आता घंटेवाला बसलेला दिसत होता. डावखुऱ्याचा ठोसा बसला, तेव्हा घंटेवाल्याची हातोडी अजून हवेतच होती. मग ती खाली आली आणि कॅमेऱ्याच्या त्या रजईतल्या आवाजात बारीकशी घंटा वाजली.

काकांनी पाच वेळा मागे नेऊन पाहिलं. मग त्यांना सगळं आठवलं. त्या दिवशी टेपरेकॉर्डरचे सेल उतरले होते. सेल उतरले की टेप हळू फिरते, आणि हळू भरलेला आवाज नंतर घाईने वाजतो. त्यांनी सुरुवातीची घंटा चित्राशी जुळवली होती. शेवटची तपासलीच नव्हती. तिथपर्यंत आवाज पुरा एक सेकंद पुढे पळाला होता.

चहा घेऊन आलेल्या बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. "गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही," ते पुटपुटले.

"त्याने बावीस वर्षं ऐकून घेतलंय," बायको म्हणाली. "तुम्ही एक दिवस ऐका."

शनिवारी सकाळी काका कॅसेट लावायचं यंत्र बगलेत मारून डावखुऱ्याच्या घरी गेले. मुलीने दार उघडलं. हातापायाला पीठ लागलेला डावखुरा त्यांना पाहून उठून आत निघाला.

"बस रे," काका म्हणाले. "चूक माझी होती. तुझा ठोसा आधी होता. माझी घंटा खोटी होती." आणि त्यांनी कॅसेट लावली.

डावखुऱ्याने एकदा पाहिलं. मग टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन पुन्हा पाहिलं. हातोडी हवेत असताना त्याने चित्र थांबवायला लावलं आणि त्या कोपऱ्यावर पिठाचं बोट टेकवलं. काका शिव्यांची वाट पाहत मान खाली घालून उभे होते.

"मला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला. "पण तुमची कॅसेट पाहून पाहून मलाच वाटायला लागलं होतं, की मी खोटारडा आहे." मुलीने त्याचा हात धरला.

थोड्या वेळाने त्याने तोंड पुसलं. "उद्या किती वाजता आहे गं तुझी लढत?"

"दहा वाजता, बाबा."

"काका, हे यंत्र क्लबमध्ये आणाल? लढती सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर लावायला?"

"आणतो. काय झालं तेही मीच सांगतो," काका म्हणाले. मग जुनी खोड जाईना, म्हणून पुटपुटले, "पण यातला आवाज फार भिकार आहे रे."

"असू दे," डावखुरा म्हणाला. "मोठा ठेवा."