पुठ्ठ्याच्या वसतिगृहाच्या खिडक्या

अमरावतीच्या आमच्या नकाशांच्या ऑफिसात दोनच गोष्टी साठायच्या: ब्लेडने कापलेले पुठ्ठे आणि किस्से. पुठ्ठे रोज झाडले जायचे, किस्से मात्र तिथेच! त्यातले निम्मे तरी साठ सालानंतर अकोल्याच्या मुलींच्या वसतिगृहाचं मॉडेल केलं, तेव्हाचे आहेत.

*

खिडक्यांचं खातं बापूराव ड्राफ्ट्समनकडे. काचेसाठी त्यांनी दवाखान्यातून जुने एक्स-रे आणले आणि चित्र जावं म्हणून गरम पाण्यात धुतले. आमचे आर्किटेक्ट साहेब पुण्याचे, बारीक नजरेचे. मॉडेलशी डोळा लावून म्हणाले, "या खिडकीवर नक्षी कसली?"

"नक्षी नोहे साहेब, कोणाची तरी बरगडी हाय. निंगूनच नाई राहिली!"

*

साहेबांचा हुकूम होता, "खिडक्या उघड्या दाखवा. वारा खेळला पाहिजे."

"मे महिन्यात अकोल्यात?" बापूरावांनी हात जोडले. "साहेब, दुपारी उघडी खिडकी पायली तं लोक म्हणतील, घरात कोणी नाई, असतं तं उन्हाची लावली असती!"

*

गजांसाठी वत्सलाबाई खराट्याच्या काड्या घ्यायच्या. या आमच्या ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणाऱ्या, तोंडाने फटकळ. शिपाई नामदेव एकदा कळवळून म्हणाला, "बाई, खिडक्या भरून राहिल्या अन् माहा खराटा टकला होऊन राहिला!"

*

याच बाईंचं साहेबांशी एकदा जोरात वाजलं. नकाशात स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. ते दर्शनी बाजूला, वॉर्डनच्या खोलीला लागून. साहेब म्हणाले, "तिथे खिडकी दिली तर धुराने भिंत काळी होईल. शोभा जाते."

"भिंतीची शोभा पाहता, अन् पोरींचे डोळे? माह्या मायचे डोळे चुलीपायीच गेले, साहेब!"

साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. मग म्हणाले, "मॉडेल नकाशाप्रमाणेच होईल."

बाई जागेवर जाऊन बसल्या. दिवसभर बोलल्या नाहीत. बाई गप्प म्हणजे ऑफिसात सुतकच! आम्हालाही वाईट वाटलं, पण साहेबांपुढे बोलणार कोण?

*

मॉडेल मंजुरीला अकोल्याला गेलं. आम्ही सगळे होतो. वसतिगृहाच्या समितीचे अध्यक्ष अण्णाजी म्हणजे भाविक माणूस. मॉडेल पाहून खूष झाले, पण म्हणाले, "घर म्हटलं तं आंधी चूल पेटाले पायजे!"

कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी छप्पर उचललं, पत्र्याच्या झाकणात धुपाची कांडी पेटवून स्वयंपाकघरात ठेवली, वर छप्पर बसवलं आणि हात जोडले. आम्हीही जोडले.

थोड्या वेळाने मधल्या फटीतून शिरलेला धूर शेजारच्या वॉर्डनच्या खिडकीतून येऊ लागला. साहेब नेमके त्या खिडकीशी वाकून कौलं समजावत होते. ठसका लागला, डोळ्यांतून घळाघळा पाणी!

अण्णाजी चक्रावले. "काहून हो साहेब? चूल तिकडे, अन् वार्डनबाई इकडे काहून रडून राहिली?"

कोणी हसलं नाही. म्हणजे, मोठ्याने नाही. साहेबांनी रुमालाने डोळे पुसले आणि मागे वळून हात पुढे केला.

"वत्सलाबाई, ब्लेड द्या."