फ्रीजमधली बॅटरी

काकूंची बोटं पांढरी पडायला लागली तेव्हा आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सकाळच्या गारव्यात उजव्या हाताची दोन बोटं खडूसारखी व्हायची, थोड्या वेळाने जळजळत लाल व्हायची आणि मग ताळ्यावर यायची. पण एके दिवशी हातातला चहाचा कप सुटून फरशीवर फुटला, आणि कप सुटलाय हे काकूंना आवाज आल्यावर कळलं. त्या दिवशी काका त्यांना बळेच डॉक्टरकडे घेऊन गेले.

काकू बंगल्यांच्या गल्लीतल्या बागा राखायच्या. गवत कापायचं, कुंपणाची झुडपं छाटायची, पाला उडवून एका कडेला आणायचा. तरुणपणापासूनचं काम. गल्लीतले सगळे त्यांना काकूच म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. छाटणीचं पेट्रोलवरचं मशीन त्यांनी इतकी वर्षं चालवलं होतं की ते बंद केल्यावरही हात थरथरत राहायचे. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली, गार पाण्यात बुडवून पाहिली आणि म्हणाले, "थरथर बंद करा आणि गारठा टाळा. नाहीतर पुढे सदऱ्याचं बटणसुद्धा लावता येणार नाही."

"मग काम काय तोंडाने करू?" काकू म्हणाल्या.

काम सोडणं त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. काका पाणीपुरवठ्याच्या पंपावरून निवृत्त झाले होते, गुडघे गेलेले, दिवसभर घरात. काकू घरी बसल्या असत्या तर दोघांनी एकमेकांना वेड लावलं असतं. म्हणून बॅटरीवरची हत्यारं आली. झुडपं छाटायचं, गवत कापायचं आणि पाला उडवायचं, अशी तीन. आणि तिन्हींना मिळून दोन बॅटऱ्या. दोरी खेचायला नको, पेट्रोलचा वास नको. बटण दाबलं की मशीन मांजरासारखं गुरगुरायचं, आणि थरथर इतकी कमी की काकूंना पहिल्या दिवशी वाटलं, हे चालू आहे की नाही! संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने कप उचलून काकांना दाखवला.

घरातली वाटणी ठरून गेली. बॅटऱ्या वापरायच्या काकूंनी आणि भरायच्या काकांनी. काकांना हे काम फार आवडलं. आयुष्यभर पंपाच्या दिव्यांकडे बघत बसलेला माणूस. चार्जरचा हिरवा दिवा लागला की त्यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं. काकू दुपारी जेवायला घरी आल्या की काका पिशवीतून बॅटरी काढून घ्यायचे, काकू गरम पाण्यात हात बुडवून बसायच्या, आणि जेवून निघेपर्यंत बॅटरी भरलेली तयार असायची. स्वयंपाकघरही काकांकडेच होतं. फ्रीजला तर काकू हातच लावत नसत. गार दुधाची पिशवी धरली तरी बोटं पांढरी व्हायची.

पहिलं वर्ष सुखात गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात घोडं अडायला लागलं.

जी बॅटरी आधी एक अख्खं कुंपण काढायची, ती आता मध्येच मान टाकायला लागली. आणि मान टाकायची तीही कशी? पेट्रोलचं मशीन थांबण्याआधी खोकायचं, धापा टाकायचं, माणसाला कळायचं की आता हे जाणार. ही बया मात्र जोरात चालता चालता एकदम गप्प. पातं फांदीत अडकलेलं, काकू शिडीवर, आणि हातात नुसतं वजन. "न सांगता रजेवर जाते मेली," असं म्हणून काकू शिडीवरून उतरायच्या, दुसरी लावायच्या. मग दुसरीही तसंच करायला लागली.

कळस झाला तो मुख्याध्यापिकाबाईंच्या बंगल्यावर. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून गेली नव्हती. त्यांचं कुंपण गल्लीतलं सगळ्यात लांब आणि अगदी तोंडावर. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे जमायचे होते. काकूंनी सकाळी फाटकाच्या डाव्या बाजूने सुरुवात केली, अगदी पट्टीने आखल्यासारखी धार काढत फाटकापर्यंत आल्या, आणि मशीन थांबलं. दुसरी बॅटरी लावली. फाटक ओलांडून दोन झुडपं झाली नाहीत तोवर तीही संपली. एक बाजू न्हाव्याकडून आल्यासारखी आणि दुसरी आजारातून उठल्यासारखी.

"काकू, हे असंच ठेवणार का?" बाई पायरीवर येऊन म्हणाल्या.

"नाही हो बाई. जरा भरून आणते."

घरी चार्जरवर लावली तर लाल दिवा लुकलुकायला लागला. बॅटरी तापलेली, चार्जर घ्यायलाच तयार नाही. काका म्हणाले, "तू जेव, मी बघतो." पण काकूंना जेवण सुचत नव्हतं. त्यांनी माळ्यावरची जुनी हातकात्री काढली आणि परत गेल्या. उरलेलं अर्धं कुंपण त्यांनी हाताने कापलं. शेवटी शेवटी कात्री उघडण्यासाठी त्यांना दुसऱ्या हाताने बोटं सरळ करावी लागत होती. बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "खालची कडा जरा वर-खाली झालीये." काकूंनी कात्री पिशवीत टाकली आणि निघाल्या. जखमेवर मीठ चोळणाऱ्याशी काय बोलायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळचं काम उरकून, एक बॅटरी काकांकडे भरायला देऊन, त्या दुसरी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेल्या. काउंटरवरच्या मुलीने बॅटरी आत पाठवली, ती उघडून परत आली, आणि मुलीने ती काकूंसमोर ठेवली. आतल्या पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशी धरावी तसा गंज चढला होता.

"पाण्यात पडली होती का?"

"छे!"

"मग पावसात राहिली असेल."

"अहो, मी हिला पोटच्या पोरीसारखी जपते. पिशवीत प्लास्टिक, त्यावर फडकं!"

"आत पाणी गेलंय काकू. पाणी गेलं की वॉरंटी नाही." मुलीने तोंड पाडलं. ती उद्धट नव्हती, त्यामुळे काकूंना धड भांडताही येईना. "आणि तापलेली असताना लगेच चार्ज करू नका. सावलीत ठेवून आपोआप निवू द्यायची, मगच लावायची."

काकू भर दुपारी घरी आल्या त्या धुमसतच. चपला काढायच्या आधीच सुरू झाल्या. "ऐकलंत का? ती म्हणते बॅटरी पाण्यात पडली! मला खोटं पाडते! मी काय नदीवर धुवायला नेते का बॅटऱ्या? लोकांना मेलं काहीही..."

काका ओट्याशी पाठमोरे उभे होते. त्यांनी गॅस बारीक केला. वळले नाहीत.

"अहो, मी तुमच्याशी बोलतेय."

"पाण्यात नाही," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"पाण्यात नाही गेली ती." त्यांनी फ्रीजचं वरचं दार उघडलं. आत बर्फाच्या साच्याशेजारी, मटारच्या पिशवीवर, घरी भरायला ठेवलेली बॅटरी झोपली होती. अंगावर पांढरं दव, बाहेर काढलं की वितळून आत झिरपणारं.

काकूंना पहिल्यांदा काही उमजेचना.

"तापलेली असली की चार्जर घेत नाही ना," काका हळूच सांगायला लागले. "लाल दिवा लुकलुकत बसतो. तू जेवून उठेपर्यंत निवायची कशी? मग मी इथे ठेवतो. जरा गार झाली की चार्जर गपचूप घेतो. मागल्या वर्षापासून... तुझा खोळंबा नको म्हणून."

काकू मटकन खुर्चीवर बसल्या. रागाच्या भरात शब्द निघाले ते भलतेच. "मटारवर? माझ्या हत्याराला तुम्ही मटारवर ठेवलंत?"

"पिशवीत घालून ठेवायचो."

"मी शिडीवर लोंबकळत या बॅटरीला शिव्या घालते, त्या पोरीशी भांडते, बाईंचं ऐकून घेते, आणि तुम्ही इथे तिला फ्रीजमध्ये घालून मारताय!"

"मारत नव्हतो गं. भरत होतो."

याच्यापुढे भांडण कसं चालवायचं? काकूंनी समोर मांडलेलं ताट बाजूला सरकवलं आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत होतं आणि रडण्याचाही राग येत होता. वाईट हेतूने कुणी घात केला असता तर निदान मनसोक्त बोलता तरी आलं असतं.

दोन दिवस घरात भांड्यांचेच आवाज होते. तिसऱ्या दिवशी काका गुडघे सावरत बाहेर पडले आणि एक नवी बॅटरी घेऊन आले. त्यांच्या धाकट्या भावाचं सुट्या भागांचं दुकान होतं. भाऊजींनी म्हणे छातीठोक सांगितलं होतं, "वहिनींना म्हणावं, कंपनीचीच आहे, फक्त कंपनीचं नाव नाही." काकूंनी बॅटरी उलटसुलट करून पाहिली. हलकी वाटली. पण काकांचा चेहरा असा होता की नको म्हणणं जिवावर आलं. आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या कुंपणाची खालची कडा सारखी करून द्यायची राहिलीच होती.

नवी बॅटरी सुरुवातीला अशी चालली की काकूंना वाटलं, दिवस फिरले. फाटकापर्यंत न थांबता. फाटकाच्या पलीकडेही. मग त्यांना मुठीला ऊब लागली. आधी बरंच वाटलं, दुखऱ्या बोटांना ऊब कुणाला नको? पण ऊब वाढतच गेली. मग नाकाला एक गोडसर, रंगासारखा वास आला. त्यांनी मशीन बंद केलं आणि पाहिलं, तर बॅटरीची कूस फुगून सांधा उघडा पडला होता. काढायला गेल्या तर निघेना. फुगल्यामुळे खाचेत घट्ट बसली होती. आत कुठेतरी बारीक सूं सूं आवाज यायला लागला.

काकूंनी विचार केला नाही. मशीन दोन्ही हातांनी उचलून झुडपांपासून लांब, खडी टाकलेल्या वाटेवर फेकलं आणि मागे सरल्या. पांढऱ्या धुराचा लोट निघाला, मग सांध्यातून एकदम ज्योत. बाई घरातून ओरडत बादली घेऊन धावल्या.

"बाई, जवळ जाऊ नका! लांब राहा!" काकू एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बाई आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या सांगण्यावरून जागच्या जागी थांबल्या.

सगळं जळून विझेपर्यंत दोघी लांब उभ्या होत्या. वाटेवर काळा डाग आणि पात्यांचा सांगाडा उरला. कुणाला काही झालं नाही. पण बाई हातातली बादली खाली ठेवून म्हणाल्या, "काकू, तुमचं काम चांगलं आहे, पण हे मला झेपायचं नाही. मी दुसरा माणूस बघते." काकूंनी मान हलवली. हे आपल्यालाही झेपायचं नाही, असं त्यांनाही वाटत होतं.

बातमी गल्लीतून घरी पोहोचली तेव्हा काका लंगडत लंगडत अर्ध्या रस्त्यापर्यंत आले होते. काकूंना पाहून थांबले. तोंडातून एवढंच आलं, "हात बघू." भर रस्त्यात त्यांनी काकूंचे दोन्ही हात उलटे, सुलटे करून पाहिले, एकेक बोट दाबून पाहिलं. भाजलं नव्हतं.

"मी आता तुझ्या बॅटऱ्यांना हात लावणार नाही," काका म्हणाले.

"मग कोण लावणार? मी?" काकू फणकारल्या. "हात लावा. फक्त डोकं लावू नका."

पुढे छाटणीचं मशीन नवं आलं, त्याच्यासोबत कंपनीचीच एक बॅटरी आली. भाऊजींनी चूक मान्य केली नाही, पण उरलेल्या तसल्या बॅटऱ्या दुकानातून काढल्या, असं ऐकलं. काकूंनी लांब कुंपणं सोडली. आता त्या लहान बागा घेतात आणि आधीच सांगून ठेवतात, आज इतकंच होईल, बाकीचं परवा. काही जणांना ते पटलं. काहींनी फोन करणं बंद केलं. काका बॅटरीला हाताची पालथी बाजू लावून बघतात, निवली की मगच चार्जरवर ठेवतात, आणि हिरवा दिवा लागला की काढून सावलीच्या फडताळात. दुपारचं जेवण त्यामुळे लांबतं.

काकूंना हे सगळं पटलंय असं मुळीच नाही. बोटं बरी आहेत. गारठ्यात अजून पांढरी पडतात, पण कप सुटत नाही. तरी थांबणं त्यांच्या स्वभावात नाही. परवा त्या बाईंच्या बंगल्यावरून चालल्या होत्या. नवा माणूस पेट्रोलचं मशीन घेऊन धूर काढत, कानठळ्या बसवत, एका दमात सगळं कुंपण उतरवत होता. कापणी वाकडी होती. वरवर दिसत नव्हती, पण फाटकापासून नजर लावली की कुंपण पोट सुटल्यासारखं दिसत होतं. काकू थांबल्या, त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. त्याने मशीन बंद करून विचारलं, "काय काकू?"

"रात्री हात बधिर होतात का तुझे?"

"थोड्या मुंग्या येतात. सगळ्यांनाच येतात."

"नुसत्या मुंग्या नव्हेत त्या. डॉक्टरला दाखव," काकू म्हणाल्या. तो हसला आणि त्याने दोरी खेचली.

काकू पुढच्या बागेत गेल्या. तिथलं शेवटचं झुडूप राहिलं होतं तेव्हा मशीन, नेहमीसारखंच, न सांगता थांबलं. त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली, मशीन सावलीत ठेवलं आणि पायरीवर बसून राहिल्या, बॅटरी निवायची वाट बघत.