आवडाबाईचे आंबलेले राक्षस

केनवडच्या बाजारात मेथी, पालक आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकणाऱ्या आवडाबाईच्या मळ्यातल्या खोलीत शिरायचं तर आधी नाक धरावं लागे. कांद्याच्या पोत्यांमागे पत्र्याचे गोल डबे रचलेले होते आणि त्यांतून आंबट, डोळ्यांत पाणी आणणारा वास येई. झाकण उघडलं तर आतली पट्टी बोटाला चिकटायची. तिच्यावर बुरशीचा पांढरा थर, मध्येच मेलेलं झुरळ.

सून सुप्रिया त्या खोलीत ओढणी नाकाला बांधूनच जायची. "आत्याबाई, फेका ना थे आता. भाजीले वास लागून राह्यला."

"भाजीले नाई लागत. तुह्या नाकाले लागते," आवडाबाई म्हणायची.

डब्यांत सिनेमाची रिळं होती. प्रेमाची नाहीत, देवाधर्माची नाहीत, सगळी राक्षसांची. दलदलीतून वर येणारा राक्षस, केसाळ राक्षस, कवटीतून किडे गाळणारी बाई.

हे वेड तिला लग्नानंतर लागलं. बापूरावांची बायको होऊन ती घरात आली तेव्हा तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले होते. त्यांच्या पाठीच्या जखमा धुणं, पिकदाणी रिकामी करणं, पोत्यात कुजलेला उंदीर सापडला तर शेपटीला धरून बाहेर टाकणं, हे सगळं नव्या सुनेकडे आलं. एकदा तिने नुसतं नाक मुरडलं, तर सासू म्हणाली, "तोंड वाकडं कायले करतं? माणसाचंच आहे ना थे?" तेव्हापासून ती तोंड सरळ ठेवायला शिकली.

त्या साली जत्रेत तंबूतला सिनेमा आला आणि बापूरावांनी तिला नेलं. पडद्यावर दलदल फुगली आणि तिच्यातून हिरवा, लिबलिबीत राक्षस वर आला. त्याच्या तोंडातून चिकट लाळेच्या तारा लोंबत होत्या. बायका एका सुरात ओरडल्या, "शी वं माय!" आवडाबाईही ओरडली. घसा बसेपर्यंत ओरडली. बापूरावांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती. घरी येताना ती हलकी हलकी चालत होती. किळस आली तर तसं तोंडाने म्हणता येतं आणि कोणी रागावत नाही, हे तिला त्या तंबूत कळलं.

पुढे गावोगाव व्हिडिओ आले आणि तंबू बसला. तंबूत सिनेमाचं मशीन चालवणारा रामधन रिसोडला राहायचा. मोठं मशीन मालकाने विकलं, पण शाळा-चावडीत दाखवायचं लहान मशीन आणि त्याची रिळं रामधनकडे पडून होती. प्रेमाचे पिच्चर गिऱ्हाइकांनी नेले होते. राक्षस कोणालाच नको होते. आवडाबाईने वांगी-टमाट्यांची टोपली त्याच्यापुढे ठेवली आणि सगळं घेऊन आली. पट्टी मशीनमध्ये कशी घालायची तेही त्याच्याकडून शिकून घेतलं. मग वाशीमच्या भंगारात एखादं रीळ दिसल्याचं कळलं की ती बापूरावांना पिटाळायची. ते बिचारे डबा मांडीवर धरून एसटीने यायचे.

विहिरीच्या मोटारीच्या वायरीवर मशीन लावून, खिडकीला पोतं बांधून ती भरदुपारी सिनेमा पाहायची. राक्षसाच्या पाठीची चेन दिसायची. एकाच्या मनगटावर तर घड्याळ होतं. ती हसायची, पण लाळ गळायला लागली की तितक्याच जोरात "शी!" म्हणायची. बापूराव दाराबाहेर गवत निंदायला बसायचे आणि आतल्या किंकाळ्या ऐकून विचारायचे, "मेला काय वं थो?"

"नाई, आता कुठी जिवंत झाला!"

बापूराव गेले. मशीनचा दिवा उडाला, तसला दिवा कुठे मिळेना. डबे बंद राहिले आणि रिळं आंबू लागली. वासाने आवडाबाईलाही मळमळायचं, पण ते ती सुनेपुढे कबूल करायची नाही. मुलगा दिनेश मोबाइल पुढे करायचा, "माय, हे रील पाह्य, यात खतरनाक भूत आहे." ती पाहायची आणि परत द्यायची. "लय स्वच्छ आहे रे तुहं भूत."

गेल्या हिवाळ्यात भंगारवाल्याकडून या डब्यांचं ऐकून वाशीमहून राजपाल नावाचा तरुण आला. जुन्या जमान्याच्या थाटाचं कॅफे उघडत होता. "मावशी, उद्घाटनाले तुमचा पिच्चर लावू. मशीन मी दुरुस्त करतो. नाव तुमचंच सांगू." वास न येणारे मोजकेच डबे उरले होते. आवडाबाईने ते पुसून दिले. दलदलीतला राक्षसही दिला, मशीनही दिलं.

उद्घाटनाला ती इरकली साडी नेसून, सुप्रियाला घेऊन गेली. दारातच तोंडावर काहीतरी चिकट लागलं. पडदा होता. सिनेमाच्या पट्ट्या हात-हातभर कापून दाराला झालरीसारख्या टांगल्या होत्या. आत टेबलांच्या काचेखाली तुकडे, भिंतीवर तुकडे, खांबाला गुंडाळलेले तुकडे. एक पोरगी पट्टीशी फोटो काढत होती आणि तिच्या बोटांवरची शेजवान चटणी पट्टीला लागत होती. कोणीतरी च्युइंगम चिकटवलं होतं. मशीन कोपऱ्यात होतं. त्याच्या पोटातली चाकं काढून आत लाल-निळे दिवे बसवले होते.

आवडाबाईने एक तुकडा उजेडाकडे धरला. हिरवा राक्षस होता, अर्धा. त्याच्या तोंडावर चीज वाळलं होतं. तिला ओकारी आली. ती भिंतीला टेकली आणि पदराने ते चीज खरवडू लागली.

राजपाल हसत आला. "कसं वाटलं मावशी? सगळे नुसते फोटो काढून राह्यले!"

सुप्रियाच पुढे झाली. "लाज नाई वाटत? पिच्चर लावतो म्हणून आणलं अन् तोंड पुसाले टांगलं?"

"अहो वहिनी, थे तसंही सडूनच जाणार होतं ना..."

"सडू दे! आमच्या घरी सडू दे!" सुप्रिया खुर्चीवर चढली आणि दारावरची झालर ओरबाडून काढू लागली. लोक तिचेही फोटो काढू लागले. राजपालने मग स्वतःच बाकीच्या पट्ट्या काढून पिशवीत कोंबल्या आणि मशीन ऑटोत ठेवून दिलं.

घरी आवडाबाईने ते तुकडे फडक्याने पुसले, चिकटपट्टीने जोडायला घेतले. पण राक्षस आधी मरत होता आणि मग पाण्यातून वर येत होता. चटणीचे डाग तर निघेचनात. दुसऱ्या दिवशी तिने खोलीतले आंबलेले डबे एकेक उघडले. पट्ट्यांचा गोळा झाला होता, गूळ वितळावा तसा. हात धुतले तरी वास जाईना. "काय हे भरून ठेवलं मी," ती स्वतःशीच म्हणाली आणि दिनेशला हाक मारली. संध्याकाळपर्यंत कांद्यामागची जागा रिकामी झाली. मशीनही भंगारवाल्याने नेलं.

पुढे काही दिवस गेले. एका सकाळी दोघी मेथी निवडत बसल्या होत्या. सुप्रियाने मान खाली घालूनच विचारलं, "आत्याबाई, थो दलदलीतला... थ्या पोरीले घेऊन गेला, मंग काय झालं?"

आवडाबाईने जुडी खाली ठेवली. "मंग? त्यानं तिले गुहेत नेलं. अन् तिथं त्याचा डोळा गळून पडला. पडला थो सरळ तिच्या जेवणात."

"जेवणात?"

"व्हय. कढीत."

सुप्रियाने हातातली काडी टाकली. दुपारच्या कढीसाठी ताक घुसळून ठेवलं होतं, तिने ते भांडं पायाने हळूच दूर सरकवलं, आणि म्हणाली, "मंग?"