भिडेखातर बारा रोपं

लग्न होऊन सासरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी एका उंदरासाठी चहा केला.

झालं असं की मी पुढच्या खोलीत बसले होते आणि स्वयंपाकघराच्या मागून सासूबाईंचा आवाज आला. अगदी मऊ, अदबीचा. "देन बागुस, काल आपलं पोटभर झालं ना? मग आज आमच्यासाठीही थोडं राहू द्यावं. भुईमूग अजून कोवळा आहे हो."

'देन बागुस' हे आमच्याकडे खानदानी घरातल्या देखण्या मुलाला म्हणतात, रावसाहेब म्हणावं तसं. मला वाटलं, कोणी बडा पाहुणा मागच्या दाराने आलाय. नवी सून, नाव काढायची हौस. घाईघाईने दोन पेले चहा ओतला, साखर सढळ हाताने घातली आणि ट्रे घेऊन मागे गेले. सासूबाई उकिडव्या बसून एका बिळाशी बोलत होत्या.

माझा नवरा वालुयो हसून हसून भिंतीला टेकला. "अगं, उंदराला उंदीर म्हटलं की तो चिडतो आणि दुप्पट नासधूस करतो, असं मानतात इथे. म्हणून देन बागुस!"

"आणि विनवण्या केल्या की ऐकतो?"

"छे! म्हणून तर ते बघ."

बोलणं संपवून सासूबाई बिळाच्या तोंडात सालाकच्या काटेरी झावळ्या ठासून बसवत होत्या. बोलायचं अदबीने आणि करायचं ते करायचंच. चहाचे दोन्ही पेले मात्र त्याच प्यायल्या. सुनेने केलेला परत कसा करायचा?

म्बोक रुबिनेम, माझ्या सासूबाई. मेर्बाबू डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं घर आणि घरामागे परसबाग. वांगी, चवळी, कारली, दोन-तीन पालेभाज्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी मिरच्या. सकाळी दव असतानाच त्या चुलीतली राख फडक्यात घेऊन पानांवर झटकत, म्हणजे ती चिकटून बसते आणि भुंगेरे तोंड लावत नाहीत. अळ्या हाताने वेचून कोंबड्यांना. कारलं बोटाएवढं झालं की त्याला केळीच्या वाळक्या पानाचा अंगरखा, म्हणजे फळमाशीला डंख मारता येत नाही. मावा फार झाला तर पपईची पानं कुटून त्याचं पाणी. बाजारातली औषधाची बाटली त्या परसात कधी आली नाही. का, असं विचारलं तर म्हणत, "अळी कोंबडी खाते, कोंबडीचं अंडं आपण खातो. मधे मला न कळणारं काही नको."

हे झालं किडीचं. रोगाशी मात्र त्यांची बोलणी नसत. एकदा फळांनी लगडलेलं वांग्याचं झाड मरगळलं, तर त्यांनी बुंधा चिरून पाहिला आणि त्याच मिनिटाला मुळासकट उपटलं. मी हळहळले. त्या म्हणाल्या, "एकाची दया केली तर बाकीच्या विसांचं काय?" झाड चुलीत गेलं, हात राखेने धुतले गेले आणि विषय संपला.

झाडांच्या बाबतीत इतकी कठोर असलेली ही बाई माणसांपुढे मात्र लोणी. उभ्या आयुष्यात कोणाला 'नाही' म्हटलेलं नाही. वालुयो सांगायचा, सिम्बोकचं 'हो' तीन प्रकारचं असतं. एक खरं हो, एक 'बघू' आणि एक 'मेले तरी नाही'. ऐकायला तिन्ही सारखीच. सिम्बोक म्हणजे आई. मीही त्यांना तीच हाक मारायची.

आणि मी तेगालची, समुद्राकाठची. आमच्याकडची माणसं साधं बोलायला लागली तरी डोंगरातल्यांना वाटतं, भांडण पेटलंय. पोटात एक ओठांत एक हे मला जमत नाही आणि दुसऱ्याचंही खपत नाही.

मी सेमारांग शहरात शाळेत जीवशास्त्र शिकवते, वडील सरकारी कचेरीत अधिकारी होते. तेवढ्यावरून सासूबाई मला अहो-जाहो करीत. "म्बाक हाप्सारी, तुम्ही बसा. म्बाक, तुम्ही दमला असाल." म्बाक म्हणजे ताई; परक्या, मान द्यायच्या बाईला म्हणायचं. घरच्या मुलीला म्हणतात न्दुक, पोरी. शेजारच्या लिक कातेमची, म्हणजे कातेमकाकूची, लेक न्दुक. अंगणातली एक लंगडी कोंबडी होती, तीसुद्धा न्दुक. नऊ वर्षं मी म्बाक राहिले. खरं सांगते, त्या कोंबडीचा मला हेवा वाटायचा.

आता मिरचीचं. दाराशी जी मिरची असायची ती सासूबाईंना लग्नात त्यांच्या आईने दिलेली. बुटकी, वर तोंड करून लागणारी, आधी पांढुरकी आणि पिकली की शेंदरी. तशी मिरची आता त्या गावात दुसऱ्या कोणाकडे नाही. दरवर्षी थोडं बी राखेत मिसळून बांबूच्या नळकांड्यात भरायचं आणि चुलीवर टांगायचं. एका पावसाळ्यात तिथलंच कौल सरकलं, नळकांड्यात पाणी गेलं आणि बी बुरसलं. जेवढं वाचलं ते सगळं त्यांनी पेरलं. सात रोपं उगवली. आईची मिरची म्हणजे आता ती सात रोपं, बस.

हे मला फोनवर कळलं. मला वाईट वाटलं. सात रोपांनी काय होणार बिचाऱ्यांचं? म्हणून पुढच्या खेपेला रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून मी मिरचीची बारा तरतरीत रोपं घेतली आणि दोन तास मांडीवर सांभाळत नेली.

सासूबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. एक पान उलटून पाहिलं. अंगठा क्षणभर थांबला. मी ते पाहिलं होतं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

"किती सुंदर रोपं आणलीत हो, म्बाक."

"इथेच लावू या, दाराशी. त्या सातांच्या शेजारी. ऊन छान आहे."

"हो, म्बाक," त्या म्हणाल्या.

ते कितव्या प्रकारचं हो होतं, हे जीवशास्त्राच्या बाईंना समजलं नाही.

त्यानंतर तीन-चार वेळा गेलो. जायच्या आदल्या दिवशी वालुयो नेहमी फोन करायचा. दर वेळी माझी बारा रोपं हिरवी दिसायची, पण कशी तर हजामत केल्यासारखी, शेंड्याला चार पानं. शेजारच्या सातांपैकी आधी दोन कमी दिसली, मग आणखी दोन. विचारलं तर "कोंबडीने उकरली असतील." वर मीच शहाणपणा शिकवला, "सिम्बोक, खत कमी पडतंय तुमच्याकडे. शेण घाला."

"हो, म्बाक. माझंच चुकलं."

काय बाई आहे! आजही ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

मग एका मंगळवारी भरतीचं पाणी आमच्या शाळेत शिरलं आणि सुट्टी मिळाली. वालुयो कामावर होता. मी एकटीच बसमध्ये बसले. फोनबिन काही केला नाही.

घरी सासूबाई नव्हत्या. लिक कातेम कोंबड्यांना दाणे टाकत होती. मला पाहून तिच्या हातातली वाटीच कलंडली.

"बू गुरू! आज? न सांगता?" बू गुरू म्हणजे मास्तरीणबाई.

"शाळेला सुट्टी मिळाली. सिम्बोक कुठे?"

"ती होय... ती डोंगरावर गेली. बहिणीकडे. येईलच."

मी मागच्या दाराशी गेले आणि थबकले. माझी बारा रोपं पिवळीधमक झाली होती. पानं चुरमडलेली, कडा वर वळलेल्या. बोकड्या. वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवते मी तो रोग. एक फांदी हलवली तर पीठ उडावं तशी पांढरी माशी उडाली. ही माशीच रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. शेजारी सात रोपांच्या जागी नुसती सात आळी.

"लिक, हे काय आहे?"

"मला काही विचारू नका बाई."

"लिक कातेम!"

तेगालचा आवाज लागला तसा तिचा बांध फुटला. "अहो, तुमची रोपं आली तेव्हाच तिनं ओळखलं. पानाखाली अंडी होती. मला म्हणाली, सुनेनं प्रेमानं आणलंय, कसं टाकू? मग तिच्या आईची मिरची एकेक करून पिवळी पडायला लागली. पाच गेली. ती पाच तिनं स्वतःच्या हातानं उपटून जाळली, तुमच्या बारांना मात्र हात लावला नाही! उरलेली दोन कुंडीत घालून वर बहिणीकडे नेऊन ठेवलीत. रोज चढण चढून पाणी घालायला जाते. तुमचा फोन आला की आदल्या संध्याकाळी कात्री घेऊन बसते, तुमच्या रोपांची पिवळी पानं कापत. पानं पुसतेसुद्धा!"

मला रडू आलं आणि संतापही आला. कोणाचा जास्त, ते सांगता येणार नाही. पाच झाडं गेली ती माझ्यामुळे. आणि का, तर मी पाहुणी! नऊ वर्षं या घरात जेवले, आजारपणं काढली, तरी माझं मन अंड्याच्या कवचासारखं जपायचं!

मी वाकले आणि पहिलं रोप उपटलं. दुसरं उपटलं. तेवढ्यात सासूबाई आल्या, हातात रिकामी झारी. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"अहो म्बाक, नका हो. तुम्ही एवढ्या लांबून आणलेली..."

"सिम्बोक, नको म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तुमचं मन मोडलं असतं."

"आणि तुमच्या आईची मिरची मोडली ती? एकाची दया केली तर बाकीच्यांचं काय, हे कोण म्हणत होतं? मी रोग घेऊन आले तर मलासुद्धा 'हो, म्बाक'?"

मी ओरडत होते. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. सासूबाईंनी झारी खाली ठेवली. म्हणाल्या, "आईला फार लागलं असतं. पण तीही काही बोलली नसती. माझ्याहून भिडस्त होती."

यावर रागवायचं तरी कसं? मला हसू फुटलं, रडतानाच. मी तिसऱ्या रोपाला हात घातला.

"तसं नव्हे," त्या चटकन म्हणाल्या. मग ओशाळल्या, पण थांबल्या नाहीत. "आधी वरून पोतं घाला, मग उपटा. नाहीतर सगळं पीठ उडून कातेमच्या वांग्यांवर जाईल."

नऊ वर्षांत त्यांनी माझी काढलेली ही पहिली चूक. लिक कातेमने पोतं आणलं. उरलेली दहा रोपं आम्ही दोघींनी मिळून उपटली आणि पोत्यासकट चुलीत घातली. राखेने हात धुतले. मग त्यांनी मला तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळून वाढल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही फार दमलात, म्बाक." म्हणजे आम्ही पुन्हा पहिल्या जागी आलो होतो.

वर नेलेल्या दोनांपैकी एक महिन्याभरात पिवळं पडलं. दुसरं तगलं. त्याला मिरच्या धरल्या तेव्हा सासूबाईंनी एकही खाल्ली नाही, सगळ्या पिकू दिल्या. दाराशी ती जागा एक हंगाम मोकळी ठेवली, कडेने झेंडू लावला. यंदा तिथे आईच्या मिरचीची अकरा रोपं फुलावर आली आहेत.

गेल्या रविवारी आम्ही गेलो. आदल्या दिवशी शाळेत माझा सत्कार झाला होता आणि मुलांनी कुंडीतलं जास्वंदीचं झाड दिलं होतं, लालभडक फुलांचं. आमच्या घरी गॅलरीत ऊन नाही. म्हटलं, सिम्बोकच्या दाराशी शोभेल. मी अशीच आहे, एकदा ठेच लागून शहाणी होणारी नव्हे.

सासूबाई फाटकाशीच आल्या. दोन्ही हात पुढे झाले, ओठ 'किती सुंदर' म्हणायला उघडले. मग त्यांनी एक पान उलटलं. अंगठा थांबला. त्यांनी मागे वळून अकरा रोपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हात खाली गेले.

"नको," त्या म्हणाल्या.

वालुयोने आयुष्यात पहिल्यांदा आईच्या तोंडून तो शब्द ऐकला.

"पानाखाली पांढरी माशी आहे. आत आणू नकोस. परत घेऊन जा तुझं झाड, न्दुक. आणि हात धुतल्याशिवाय माझ्या मिरचीजवळ यायचं नाही, सांगून ठेवते!"

मी कुंडी फाटकाबाहेर ठेवली, तीन वेळा राखेने हात धुतले आणि घरात जाऊन पोटभर रडले. त्या बाहेरून ओरडत होत्या, "चहा निवतोय गं!"

परतीच्या बसमध्ये पान न हलवता कुंडी मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "काय सुरेख जास्वंद! कोणी दिली?"

"सासूने," मी म्हटलं. "परत दिली."