हवेचे पैसे

अकोल्मान गावात पार्सलच्या काउंटरवर बसून लोकांचा राग झेलणं हा माझा धंदा. पण दोन्या एर्लिंदांइतकं मनापासून कुणी रागावत नाही; दोन्या म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने मारायची हाक. आयुष्यभर त्यांनी पिन्याता बनवल्या. कागदाचा पोकळ गोळा, त्याला सात झगमगती टोकं, पोटात गोड गोळ्या; तो टांगायचा आणि पोरांनी डोळे बांधून काठीने फोडायचा. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिहुआनात राहणाऱ्या नातीने, यारेत्सीने, मात्र आजीला फक्त फोनवर पाहिलेलं. यंदा तिच्या वाढदिवसाला आजीच्या हातची पिन्याता पोचलीच पाहिजे, हा बाईंचा हट्ट होता.

काट्यावर ती कोंबडीएवढीही भरली नाही. तरी मी सांगितलेला आकडा ऐकून त्या भडकल्या. मोठ्या खोक्याचं वजन काट्यावरून नाही, लांबी-रुंदी-उंचीवरून धरतात, हे मी परत परत समजावलं.

"म्हणजे हवेचे पैसे घेतोस?"

"गाडीत जागा अडते ना, दोन्या. वाटलं तर आत काहीतरी भरा. दहा किलोपर्यंत पैसे तेवढेच."

बोललो आणि फसलो. दुसऱ्या दिवशी तीच पिन्याता उचलताना माझी कंबर धरली. आत वाळक्या मिरच्या, शेंगदाणे, मोलेच्या, म्हणजे मिरची-चॉकलेटच्या दाट रश्शाच्या, वाटणाची पिशवी आणि त्यांच्या मुलाचा, यारेत्सीच्या बापाचा, फिदेन्सियोचा, लहानपणीचा स्वेटर. निदान फिदेन्सियोला कळवून ठेवा, असं मी म्हटलं.

"पिन्यातात काय आहे ते आधी सांगतं का कोणी?"

रीत तर तीच आहे. मी पावती फाडली.

वाढदिवसाचा व्हिडिओ आम्ही काउंटरवरच पाहिला. यारेत्सीने असा दणका हाणला की गोळ्यांसाठी धावलेल्या पोरांच्या डोक्यावर मिरच्या बरसल्या. मोलेची पिशवी फुटून खुद्द वाढदिवसाची मुलगी तपकिरी झाली. पोरं शिंकत सुटली, एक तर भोकाड पसरून रडलं. दोन्यांनी एप्रन तोंडावर ओढला. मी व्हिडिओ बंद करायला हात पुढे केला, सल्ला माझाच होता ना.

मग यारेत्सीने बोट चाटलं, पुन्हा चाटलं. स्वेटर अंगात चढवला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी तू पण आत बस."

मी पोट धरून हसलो. दोन्या हसल्या नाहीत. व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

पुढच्या वर्षी त्या आल्या त्या जवळजवळ स्वतःएवढी पिन्याता घेऊन. मी पट्टी लावून आकडा सांगितला. या वेळी रागावल्या नाहीत. तिहुआनाच्या बसचं तिकीट किती, असं विचारलं. ते कमी निघालं.

"आणि मांडीवरच्या सामानाचे?"

"काही नाही."

"मग ठेव तुझी पट्टी."

पिन्याता मीच बसपर्यंत नेली. हलकी लागली, म्हणून खिडकीतून विचारलं, आत काय भरलंय?

"रिकामी आहे," दोन्या म्हणाल्या. "गोळ्या तिथल्या बाजारातून आणेन, यारेत्सीला बोटाला धरून."