सिस्टरच्या टेबलावरचा निळा ट्रे

मंगळवार, सकाळी साडेअकरा. घाटाकडच्या एका सरकारी आरोग्य केंद्राची बाहेरची खोली. बाकांवर दहा-बारा पेशंट, एक पंखा, आणि सिस्टरच्या टेबलावर निळा प्लॅस्टिकचा ट्रे.

भोर-वेल्ह्यात तीस वर्षं बातमीदारी केली की दवाखान्यांचे किस्से आपोआप साठतात. एकेकटा छापावा तर संपादक म्हणतो, यात बातमी कुठंय? केंद्राचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत. वाईट असती तर लिहिणं सोपं गेलं असतं!

त्या मंगळवारी मी औषधांच्या तुटवड्याबद्दल विचारायला गेलो होतो. डॉक्टरांसमोर कविता बसली होती. हिर्डोशीच्या वरच्या वाडीतली, आठवा महिना, चेहरा पांढराफटक.

"रक्त तपासलंय का?"

"धा दिस झालं की, साहेब."

लॅबवाला म्हणाला, "रिपोर्ट मी त्याच दिवशी ट्रेमध्ये ठेवला." सिस्टर म्हणाल्या, "ट्रे डॉक्टरांनी बघायचा असतो." डॉक्टर म्हणाले, "महत्त्वाचं असेल ते सिस्टर आणून देतात, असं मला वाटलं."

तिघंही खरं बोलत होते. रिपोर्ट ट्रेच्या तळाशी सापडला. अंगात रक्त फारच कमी. डॉक्टर दोघांवर ओरडले. लाल पेनानं त्यावर लिहिलं, 'तातडीने मोठ्या दवाखान्यात पाठवा.' कविताला म्हणाले, "बाहेर बसा, सिस्टर कागद देतील."

आणि कागद परत ट्रेमध्ये ठेवला!

सिस्टर कागदाची वाट बघत होत्या. कविता सिस्टरची वाट बघत होती. दुपारची एस.टी. आली, तशी ती उठून घरी गेली. हे मला नंतर कळलं. मी तोवर तुटवड्याची बातमी घेऊन निघालो होतो.

*

तिथलेच एक म्हातारे, बंडूतात्या. एका सकाळी त्यांचं बीपी तीनदा मोजलं. दारात शिकाऊ नर्सनं, आत सिस्टरनं, मग डॉक्टरांनी. तीन मशिनं, तीन आकडे, तीन रजिस्टरं. दुसऱ्याचं रजिस्टर उघडून बघायची तिथं पद्धतच नाही. तो अपमान समजतात!

तात्या बाही खाली करत म्हणाले, "माजं रगात हाय का कोथिंबीर? दर टेबलावर भाव येगळा!"

सगळे हसले. आकडे मात्र तिन्ही तसेच राहिले.

*

त्या भागातली आशा सेविका म्हणजे शैलाताई. घरोघर फिरणारी, कुणाच्या चुलीवर काय शिजतं इथपर्यंत माहिती असलेली. तिच्या लक्षात आलं, तात्या एकाच औषधाच्या दोन गोळ्या खातात. एक केंद्रातली, एक मुलानं पुण्याहून आणलेली. पाकिटाचा रंग वेगळा, आतला माल तोच. चक्कर येऊन तात्या दोनदा भाताच्या खाचरात पडले होते.

शैलाताई दोन्ही पाकिटं घेऊन औषधाच्या खिडकीशी गेली.

"चिठ्ठीवर असतं तेवढं मी देतो. चिठ्ठीवर शंका घेणं माझं काम न्हाई," खिडकीतला म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, "हे खिडकीतच लक्षात यायला हवं होतं."

सिस्टर म्हणाल्या, "ताई, तुमचं काम सर्व्हे. गोळ्यांत कशाला पडता?"

शैलाताईनं सरळ तात्यांच्या घरी जाऊन केंद्राचं पाकीट परत दिलं आणि पुण्याचं स्वतःकडेच ठेवलं. तेव्हापासून तात्या पडलेले नाहीत. पण 'अधिकार नसताना औषध बंद केलं' म्हणून तिला समज देण्यात आली. तीही लेखी!

*

आता शेवटचं.

अशा भानगडी थांबाव्यात म्हणून भोरमध्ये एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं. विषय, टीमवर्क. डॉक्टर, नर्सा, लॅब, औषधवाले सगळ्यांनी एकत्र शिकायचं. मी बातमीसाठी हजर. आमच्या केंद्राचा स्टाफ एका गाडीतून आला, म्हणजे अँब्युलन्समधून. ड्रायव्हरलाही आत बसवलं. तोही टीमच ना!

शैलाताईला बोलावणं नव्हतं. "आशांना मानधन असतं, पगार न्हाई. त्या स्टाफमध्ये धरत न्हाईत," सिस्टरांनी मला समजावलं.

लक्ष विचलित होऊ नये म्हणून दारातच एका खोक्यात सगळ्यांचे फोन जमा केले. ड्रायव्हरनं गाडीचा फोन टाकला, सोबत चावीही टाकली. मीही माझा टाकला.

मग खेळ. गोल उभं राहायचं, लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायचा. थोड्या वेळात मधे जाळं तयार झालं. प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "बघा, एक धागा सुटला तर काय होईल?"

खोक्यात फोन वाजत होता. थांबायचा, परत वाजायचा.

"कुणाचाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझा न्हाई," लॅबवाला म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, "माझी रिंग येगळी हाय." मलाही वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी असेल. हातात धागा होता, सोडायचा नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत खोकं उघडलं. गाडीच्या फोनवर अकरा मिस कॉल. सगळे शैलाताईचे.

कविताला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. शैलाताईनं तिला टेम्पोत घालून केंद्रात आणलं. तिथं एकटा शिपाई. मग तोच टेम्पो भोरकडे निघाला. मुलगी वाटेत झाली. रक्त थांबलं नाही.

मुलगी वाचली. कविता वाचली नाही.

चौकशीत सगळ्यांनी लेखी जबाब दिले. प्रत्येकानं आपापलं काम केलं होतं. रजिस्टरंही चोख. लाल पेनानं लिहिलेल्या कागदाबद्दल मी विचारलं, तेव्हा सगळेच म्हणाले, असा कागद नव्हताच.

मी तो डोळ्यांनी पाहिलाय. निळा ट्रे सगळा उपसून बघितला. बाकीचे जुने रिपोर्ट जागच्या जागी, धूळ खात पडलेले. तेवढा एक नाही.

त्या ट्रेमधून कुणी आपणहून काही उचलल्याची ही पहिलीच वेळ. कुणी उचलला, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.