मोजायची राहिलेली साइट

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, नेमबाजी क्लबात पिस्तुलांचे मिस्त्री आहेत. मी तिथेच टार्गेटचे कागद बदलतो आणि गुण मोजतो. म्हणजे दाजींना मी घरातही बघतो आणि कामावरही, आणि आता हातचं राखून बोलायची माझी इच्छा उरलेली नाही.

आधी कामाबद्दल. पिस्तुलाची मागची साइट म्हणजे नेम धरताना जिच्यातून बघायचं ती पट्टी; ती जिकडे सरकेल तिकडे गोळी सरकते. महागड्या पिस्तुलांची साइट स्क्रू फिरवून सरकते. आमच्या क्लबातल्या जुन्या पिस्तुलांना तसले लाड नाहीत. त्यांची साइट तळाशी रुंद आणि वर अरुंद अशा खाचेत ठोकून घट्ट बसवलेली असते. ती केसभर हलवायची तरी भल्याभल्यांना घाम फुटतो. दाजी पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करतात आणि वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, उतरवतात. व्हाइसच्या, म्हणजे शिकंज्याच्या, जबड्यांत चामडं घालून स्लाइड त्यांत आवळतात. खाचेत तेलाचे थेंब सोडून खुशाल चहाला जातात. परत आले की साइटवरून खाली स्लाइडपर्यंत पेन्सिलची एक बारीक रेघ ओढतात. मग पितळी पंच, म्हणजे ठोकायची बोथट कांडी, साइटच्या अगदी बुडाशी टेकवायचा आणि हातोडीने टिचक्या मारायच्या. पितळ मऊ, त्यामुळे चेंबायचं तर पंच चेंबतो, साइट नाही. रेघ तुटली की साइट हलली. नाही हलली तर जोर लावायचा नाही. पुन्हा तेल, पुन्हा चहा. काम झाल्यावर रेघ पुसली की कुणाचा हात लागला होता याचा मागमूस राहत नाही. हा धीर त्यांनी माणसांच्या बाबतीत दाखवला असता तर माझ्या बहिणीने त्यांची दृष्ट काढली असती.

क्लबाच्या सेक्रेटरींच्या गोळ्या कायम डावीकडे जायच्या. चाप ओढताना गृहस्थ अख्खी मूठ आवळायचे. हे मला दिसत होतं, दाजींना तर दिसतच होतं. पण सेक्रेटरी म्हणाले, "मिस्त्री, साइट वाकडी आहे," आणि दाजी म्हणाले, "असेल साहेब, बघतो." त्यांनी साइट उजवीकडे सरकवली. सेक्रेटरींच्या गोळ्या मधोमध बसू लागल्या आणि ते क्लबभर मिरवले. पुढे त्यांनी स्वतःचं नवं पिस्तूल घेतलं आणि क्लबाचं कपाटात परत गेलं.

माझी भाची, दाजींची एकुलती एक लेक, त्याच क्लबात नेम धरायला शिकली. कनिष्ठ गटाचं तिचं हे शेवटचं वर्ष. यंदा निवड झाली तर मोठा संघ, परगावचं प्रशिक्षण, पुढे नोकरीचाही रस्ता. नाही झाली तर वय संपलं. सरावासाठी तिला कपाटातलं एक पिस्तूल मिळालं आणि तिच्या गोळ्या उजवीकडे जायला लागल्या.

"बाबा, जरा साइट बघता का?" तिने विचारलं.

"साइटला काय धाड भरलीय? बोट किती आत घालतेस ते बघ आधी."

"बोट बरोबर आहे, बाबा."

"मला शिकवू नकोस. स्वतःचं खापर हत्यारावर फोडायचं नाही."

मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. "दाजी, भोकं बघा तरी. एका नाण्याखाली झाकतील सगळी. हात चुकत असता तर इकडेतिकडे पसरली नसती का?"

"तू कागद बदल," ते म्हणाले. कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. परक्या माणसाचा कागद असता तर याच माणसाने डोळ्यांत तेल घालून बघितला असता.

पोरगी घरी भिंतीसमोर उभी राहून बोट सुधारत बसली. चांगलं बोट तिने मेहनतीने बिघडवलं. निवडचाचणीच्या दिवशी तर निम्म्या गोळ्या जुन्या सवयीने आणि निम्म्या नव्या धाकाने सुटल्या. कागदाची चाळण झाली. नाव पुकारलं गेलं नाही. परतताना दाजी रस्ताभर तिला ऐकवत होते, "सांगत होतो ना, बोट!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

आठवडा उलटला. आमच्या सभासद डॉक्टरीणबाईंनी ते पिस्तूल घेतलं, हात वाळूच्या पिशवीवर टेकवून सावकाश गोळ्या झाडल्या आणि कागद दाजींसमोर धरला. "मिस्त्री, हे उजवीकडे मारतं हो."

दाजींनी मापणी काढली. साइट मध्यापासून उजवीकडे सरकलेली होती. त्यांनी स्लाइड उलटीसुलटी करून बघितली. कुठे ओरखडा नाही, ठोक्याची खूण नाही. इतक्या सफाईने साइट सरकवणारा क्लबात एकच माणूस आहे. सेक्रेटरी आधी वापरायचे तेच पिस्तूल होतं ते. दाजींचा चेहरा खाडकन उतरला. तो बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेल, रेघ, पंच. दाजींनी साइट मधोमध आणली. मग घरी जाऊन लेकीची इतकी मनधरणी केली की ती एकदाची आली. उभी राहिली आणि पाच गोळ्या झाडल्या. मी कागद ओढून घेतला. पाचही दहा गुणांच्या मधल्या वर्तुळात.

"बघ!" दाजी लहान पोरासारखे ओरडले. "बघ, किती सुंदर बसल्या! आता पुढच्या वर्षी..." आणि पुढचं वर्ष नाही हे त्यांना बोलता बोलता आठवलं.

तिने पिस्तूल रिकामं केलं, नळी भिंतीकडे करून टेबलावर ठेवलं, कानांवरची टोपणं काढली.

"बाबा, हात तोच आहे," ती म्हणाली आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेली.

मी कागद दाजींच्या पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.